सन फोटोमीटर, नोंद पाचवी: दुपारचा फुगवटा कुठून आला

मागच्या नोंदीत मी बराच तोरा मिरवला होता. दुपारी उपग्रहाचा एओडी माझ्यापेक्षा रोज कमी येतो, म्हणजे त्याचंच गणित कुठेतरी चुकतंय, असं ठोकून दिलं होतं. ते विधान मागे घेतो. चूक माझ्या यंत्राच्या पायाभूत आकड्यात, व्ही-शून्यात होती आणि ती सापडायला पाच आठवडे गेले.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. धूळ, धूर, मीठ, सल्फेट असे हवेत तरंगणारे कण जमिनीपासून वरपर्यंतच्या अख्ख्या स्तंभात मिळून प्रकाश किती अडवतात, त्याचा आकडा म्हणजे एओडी. त्याला एकक नाही. ०.१ म्हणजे स्वच्छ निळं आकाश. १ च्या पुढे गेलं की सूर्य मलूल दिसतो. माझं यंत्र, म्हणजे थेट सूर्याचा प्रकाश मोजणारा सन फोटोमीटर: हिरवा एलईडी, एक ऑप-अँप (बारीक सिग्नल मोठा करणारी चिप), मल्टिमीटर आणि आतून काळी केलेली नळी. एलईडीवर प्रकाश पाडला की तो करंट देतो, आणि स्वतः फेकतो त्याहून जरा आखूड तरंगलांबीला जास्त दाद देतो. माझा साधारण ५०५ नॅनोमीटरवर बसतो. ही युक्ती फॉरेस्ट मिम्स यांची. याच मिम्सनी हाताने बांधलेल्या ओझोनमापकाने निम्बस-७ उपग्रहाच्या ओझोन मोजणीतली चूक पकडली होती. तो किस्सा डोक्यात असल्यामुळेच बहुधा मला उपग्रहाला खोटं पाडायची एवढी घाई झाली.

तर फुगवटा. दिवसभराचे एओडी आलेखावर टाकले की सकाळी कमी, दुपारी टेकडी, संध्याकाळी पुन्हा कमी. एक दिवस असं झालं तर समजू शकतो, पण रोज? हवा इतकी शिस्तीची नसते. व्ही-शून्य म्हणजे वातावरण नसतंच तर यंत्राने दिलं असतं ते व्होल्टेज. ते ५ टक्के जास्त धरलं, तर एओडीत ०.०५ भागिले एअर मास एवढी चूक शिरते. एअर मास म्हणजे सूर्यप्रकाशाला सरळ उभ्या वाटेच्या किती पट हवेतून यावं लागतं ते. सूर्य डोक्यावर असताना एअर मास १, म्हणजे चूक पूर्ण ०.०५. तो क्षितिजाजवळ असताना एअर मास ३, म्हणजे चूक जेमतेम ०.०१७. टेकडीचा आकार नेमका हाच. उपग्रहही नेमका दुपारच्या आसपास येतो, त्यामुळे रोज तोच कमी दाखवतोय असं वाटत होतं.

आता व्ही-शून्य चुकलं कसं? मी ते एकाच सकाळच्या लँगली आलेखावरून काढलं होतं. व्होल्टेजचा लॉग एअर मासपुढे मांडायचा आणि रेघ शून्य एअर मासपर्यंत मागे न्यायची. रेघ इतकी सरळ आली होती की मी तिचा फोटो काढून ठेवला. पण त्या सकाळी सूर्य वर चढताना धुरकं विरत होतं. ते विरणं एअर मासच्या व्यस्ताशी जुळतं असलं, तर रेघ सरळच राहते आणि फक्त वरच्या टोकाला खोटं बोलते. एरोनेट या सन फोटोमीटरांच्या जागतिक जाळ्याची संदर्भ यंत्रं हवाईतल्या मौना लोआवर, ३,३९७ मीटर उंचीवर नेऊन कॅलिब्रेट करतात ती उगाच नाही. माझ्याकडे डोंगर नाही. मग आठ सकाळी लँगली केली, ज्या तीन दिवशी सकाळ आणि दुपारच्या रेघा जुळल्या नाहीत ते दिवस टाकले, उरलेल्यांचा मध्यक घेतला. २.१० व्होल्टचं झालं १.९८.

एका दिवसाचा हिशेब पूर्ण देतो, कुणाला ताडून बघायचा असेल तर. सूर्याची उंची ५० अंश, एअर मास १.३०५. अंधारातलं व्होल्टेज वजा करून वाचन १.०० व्होल्ट. १.९८ चा नैसर्गिक लॉग ०.६८३, भागिले १.३०५ म्हणजे ०.५२३. त्यातून रेले विखुरणीचे (हवेचे रेणूच प्रकाश विखुरतात त्याचे) ०.१३७ आणि ओझोनचे ०.०१ गेले, उरले ०.३७६. हे ५०५ नॅनोमीटरला. मोडिस, म्हणजे टेरा आणि अ‍ॅक्वा या उपग्रहांवरचं यंत्र, ५५० ला सांगतं, म्हणून अँगस्ट्रॉम घातांक (तरंगलांबीबरोबर एओडी किती झपाट्याने बदलतो तो आकडा) १.२ धरून ०.३४. मोडिसचं त्या वेळचं उत्तर ०.३३. जुन्या व्ही-शून्याने माझं ०.३८ आलं असतं आणि मी पुन्हा तोरा मिरवला असता.

उपग्रहाच्या बाजूनेही मी कमी घोळ घातलेला नाही. पहिल्याच सरासरीत एओडी उणे ४.२ आला! २५ पिक्सेलपैकी ११ मध्ये माहितीच नव्हती. तिथे -९९९९ भरलेलं असतं, आणि मी ते इमानेइतबारे ०.००१ ने गुणून बेरजेत घेतलं. मात्र ०.०५ पर्यंतचे उणे आकडे खरे असतात, ते फेकू नका. फेकले तर स्वच्छ दिवसांची सरासरी उगाच वर सरकते. जमिनीवर गुणवत्तेची खूण ३, म्हणजे सर्वांत वरची, असलेलेच पिक्सेल घ्या. टेरा साडेदहाला आणि अ‍ॅक्वा दीडला डोक्यावरून जातो, हे पाठांतरही सोडा. दोघांच्या कक्षा सरकल्यात, वेळ फाइलमधूनच काढा.

जुळवणी प्रचलित पद्धतीने करतो: १० किलोमीटरचे ५ गुणिले ५ पिक्सेल, त्यातले किमान ५ वापरण्याजोगे, आणि उपग्रह जाण्याच्या आधी-नंतर अर्धा तास माझी वाचनं. मी एका बिंदूवरून सूर्याकडे बघतो, तो ५० किलोमीटरच्या चौकोनाकडे वरून. तासाभरात वारा साधारण तेवढी हवा माझ्या डोक्यावरून नेतो, असा त्यामागचा हिशेब. माझं काम तसं सोपं, समोर थेट सूर्य. त्याला मात्र जमिनीवरून उलटलेला उजेड आधी वजा करावा लागतो. डार्क टार्गेट पद्धत झाडीसारख्या गडद जमिनीवर छान चालते, उघड्या पांढुरक्या जमिनीवर अडखळते. तिथे डीप ब्लू, कारण ४१२ नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात वाळवंटही बऱ्यापैकी काळं दिसतं.

आतापर्यंत १९ जोड्या. डार्क टार्गेटची जमिनीवरची अपेक्षित चूक ±(०.०५ + ०.१५ गुणिले एओडी), आणि साधारण दोन-तृतीयांश जोड्या त्या पट्ट्यात याव्यात अशी अपेक्षा असते. माझ्या १४ आल्या. बाहेरच्या पाचपैकी तीन दिवशी माझंच वाचन जास्त आहे, आणि वहीत त्याच दिवशी ‘वाचन हलतंय’ असा शेरा आहे. सूर्याजवळचा विरळ सिरस (खूप उंचावरचा पातळ) ढग डोळ्याला दिसत नाही. हाताने सूर्यबिंब झाकून आजूबाजूला बघितलं तर कधीकधी दिसतो. आता एरोनेटसारखी ३० सेकंदांच्या अंतराने तीन वाचनं घेतो. तिन्ही जुळली नाहीत तर वही बंद. उरलेल्या दोन जोड्यांचं उत्तर माझ्याकडे नाही.

खटकतोय तो उसना १.२. तो सर्वांत जवळच्या एरोनेट केंद्राच्या सरासरीवरून घेतलाय. जाड धुळीच्या दिवशी घातांक ०.३ वरही येतो, आणि मग वरच्या हिशेबातलं ०.३४ चं ०.३७ होतं. म्हणून नळीशेजारी दुसरी नळी चिकटवली आहे, तीत लाल एलईडी. अंधारातलं व्होल्टेज ४ मिलिव्होल्ट, तापलं की ७. यंत्र सावलीत ठेवून फक्त वाचनापुरतं बाहेर काढतोय. लालची लँगली दोनच सकाळची झाली आहे, रेघ सरळ आली. फोटो काढलेला नाही.