आयर्लंडमधला गर्भपात: तीन दिवस कायद्याचे, बाकीचे हिशोबाचे

लेक डब्लिनला किंवा कॉर्कला नोकरीला आहे. पाळी चुकली, टेस्टवर दोन रेघा आल्या आणि हे मूल तिला आत्ता नको आहे. अशा वेळी पुण्या-नाशिकहून जाणारा पहिला सल्ला बहुधा 'इकडे निघून ये' असतो, नाहीतर 'गोळ्या पाठवते'. दोन्ही मायेपोटीच सुचतात. पण पहिल्याची सहसा गरज नसते आणि दुसऱ्यामुळे घरचंच माणूस गुन्ह्यात अडकू शकतं. आयर्लंडमध्ये १२ आठवड्यांपर्यंत, कारण न विचारता, सरकारी खर्चाने गर्भपात करता येतो. अट आहे ती वेळेची, आणि ती अट फार कडक आहे.

हा कायदा तसा नवा आहे. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये बेळगावची दंतवैद्य सविता हलप्पनवार गॉलवेच्या रुग्णालयात गेली. सतरा आठवड्यांचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट असूनही, ठोके चालू आहेत म्हणून तिला गर्भपात नाकारला गेला. २८ ऑक्टोबरला जंतुसंसर्गाने ती वारली, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी राज्यघटनेतली बंदी काढायला होकार दिला आणि १ जानेवारी २०१९ पासून सेवा सुरू झाली. तिथे राहणाऱ्या आपल्या मुलींना आज जे मिळतं, त्यामागे आपल्याच भागातल्या एका मुलीचा जीव गेलेला आहे.

आता हिशोब. आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, संबंध आला त्या दिवसापासून नव्हे. म्हणजे पाळी चुकली त्याच दिवशी चार आठवडे झालेले असतात. समजा शेवटची पाळी १ मार्चला आली. मग ३ मे रोजी ९ आठवडे होतात आणि २४ मे रोजी १२. पहिली तारीख ओलांडली की काम जीपीकडून (म्हणजे फॅमिली डॉक्टरकडून) रुग्णालयात जातं, दुसरी ओलांडली की दार जवळपास बंद होतं. टेस्ट एप्रिलच्या मध्याला केली असेल, तर घरच्या घरी गोळ्या घेण्यासाठी हातात तीनही आठवडे नसतात. या दोन तारखा त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात. पपई, अननस, तीळगुळाचे काढे यांनी दिवस राहिलेले जात नाहीत, मोजके दिवस मात्र वाया जातात.

पहिला फोन 'माय ऑप्शन्स'ला करायचा: १८०० ८२८ ०१०. ही आयर्लंडच्या आरोग्यसेवेची, म्हणजे एचएसईची, मोफत हेल्पलाइन आहे. तिथली माणसं राहत्या जागेजवळ ही सेवा देणाऱ्या डॉक्टरांचे नंबर देतात, हवं तर समुपदेशन करतात, इंग्रजीत अवघड जात असेल तर दुभाषी जोडून देतात. स्वतःच्या जीपीला थेट विचारलं तरी चालतं, पण सगळेच जीपी हे काम करत नाहीत. ज्यांच्या सदसद्विवेकाला ते पटत नाही त्यांना नकार देता येतो, मात्र पेशंटला दुसऱ्या डॉक्टरकडे विनाविलंब सोपवणं कायद्याने बंधनकारक आहे. 'आम्ही हे करत नाही' एवढंच सांगून कुणी फोन ठेवला, तर पुन्हा हेल्पलाइनला फोन करा. गुगलवर सापडणाऱ्या 'मोफत सल्ला केंद्रां'पासून सावध राहा. त्यांतली काही गर्भपाताच्या विरोधातली असतात. तिथे सोनोग्राफीचं आमिष दाखवून चालढकल केली जाते आणि गर्भपाताने कॅन्सर होतो, पुन्हा मूल होत नाही असल्या खोट्या गोष्टी सांगितल्या जातात.

देशात वास्तव्य असेल तर पैसे लागत नाहीत. पीपीएस नंबर (आयर्लंडचा सरकारी ओळख क्रमांक) जवळ ठेवायचा, तो अजून मिळालेला नसेल तर हेल्पलाइनला आधीच सांगायचं. नवऱ्याची सही लागत नाही, संमती लागत नाही, त्याला कळवलंही जात नाही. डॉक्टर २८ दिवसांच्या आत आरोग्यमंत्र्यांना एक सूचना पाठवतात. तिच्यात डॉक्टरचा नोंदणी क्रमांक, कायद्याचं कलम, बाई कुठल्या काउंटीत (जिल्ह्यात) राहते ते आणि तारीख असते. बाईचं नाव नसतं.

पहिल्या भेटीत डॉक्टर पाळीची तारीख, जुने आजार आणि चालू औषधं विचारतात, गर्भ १२ आठवड्यांच्या आतला असल्याचं प्रमाणित करतात आणि निर्णय बाईचा स्वतःचाच आहे ना, याची खात्री करतात. ही भेट फोनवर किंवा व्हिडिओवरही होऊ शकते. सोनोग्राफी सरसकट लागत नाही. पाळी अनियमित असेल, तारीख आठवत नसेल, गर्भनिरोधक चालू असताना दिवस राहिले असतील, तांबी बसवलेली असेल, आधी गर्भनलिकेत गर्भ राहिला असेल किंवा एका बाजूला दुखत असेल, तर ती करायला पाठवतात. ती मोफत असते, पण तिथल्या अपॉइंटमेंटमध्ये काही दिवस जातात. म्हणून पाळीची तारीख फोनमध्ये नोंदलेली असणं इथे फार उपयोगाचं. काही गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी सांगायच्या: हिमोग्लोबिन कमी असणं (आपल्याकडच्या मुलींत हे फार आढळतं), रक्त पातळ करणारी औषधं, बरेच दिवस चाललेले स्टिरॉइड, रक्त न गोठण्याचा किंवा अॅड्रिनल ग्रंथीचा आजार. यांतलं काही असेल तर घरी गोळ्या घेण्याऐवजी रुग्णालयात पाठवू शकतात.

मग ते तीन दिवस. प्रमाणपत्राच्या तारखेपासून किमान तीन दिवस गेल्याशिवाय गर्भपात करता येत नाही. सोमवारी प्रमाणपत्र झालं तर गुरुवारी गोळी मिळते. शनिवार-रविवार या तीन दिवसांत धरले जातात, पण दवाखाना बंद असतो. गुरुवारी प्रमाणपत्र झालं तर हिशोब रविवारवर येतो, गोळी सोमवारी, आणि त्या सोमवारी बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्टी) असेल तर मंगळवारी. नाताळात याहून जास्त ताणलं जातं. म्हणून पहिली भेट सोमवारी किंवा मंगळवारी मागावी, आणि ती संपतानाच दुसरीची वेळ ठरवून घ्यावी. जीपीने पुढे रुग्णालयात पाठवलं तर तीन दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजत नाहीत, पहिल्या प्रमाणपत्राची तारीखच धरतात. तो कागद किंवा त्याची प्रत मागून घ्या.

या सक्तीच्या थांबण्यामागे वैद्यकीय कारण काहीच नाही. वकील मरी ओशे यांनी सरकारसाठी केलेल्या या कायद्याच्या २०२३ च्या आढाव्यात ही सक्ती काढून हा काळ ऐच्छिक करावा, अशी शिफारस आहे. नेदरलँड्सने आपली पाच दिवसांची सक्ती १ जानेवारी २०२३ पासून रद्दही केली. भारतात अशी सक्ती कधीच नव्हती. ज्या बाईचा निर्णय झालेला आहे तिला हे तीन दिवस मळमळ, चिंता आणि नोकरी सांभाळत काढावे लागतात, आणि ते १२ आठवड्यांच्या हिशोबातूनच वजा होतात. आमच्या मते ही तरतूद अन्यायाची आहे.

दुसऱ्या भेटीत मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची एक गोळी मिळते. तिने गर्भाची वाढ थांबते. बहुतेकींना त्या दिवशी फारसं काही जाणवत नाही, थोडं अंगावरून जाऊ शकतं. तासाभराच्या आत उलटी झाली तर डॉक्टरांना कळवायचं, गोळी पुन्हा घ्यावी लागू शकते. त्यानंतर २४ ते ४८ तासांनी घरी मिसोप्रोस्टॉल: २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या. दोन-दोन दोन्ही गालांत, हिरडीला लागून ठेवायच्या. अर्ध्या तासाने उरलेला चोथा पाण्याबरोबर गिळायचा. डॉक्टरांनी योनीत ठेवायला सांगितलं तर तसं करायचं. वेळ अशी निवडा की पुढचे सहा-आठ तास घराबाहेर पडावं लागणार नाही आणि सोबतीला कुणी मोठं माणूस असेल. शेअर घरात राहणाऱ्यांनी बाथरूमचाही विचार आधी करावा.

दुखायला लागण्याची वाट पाहू नका. चार गोळ्यांच्या अर्धा-एक तास आधी, सोसत असेल तर, आयब्युप्रोफेन घ्या. त्याने गोळ्यांचा परिणाम कमी होत नाही. वरून पॅरासिटामॉल चालतं, अॅस्पिरिन टाळा. एक ते चार तासांत कळा आणि रक्तस्राव सुरू होतो. तो पाळीपेक्षा बराच जास्त असतो, लिंबाएवढ्या गाठीही पडू शकतात. थंडी वाजणं, थोडा ताप, जुलाब, मळमळ हा औषधाचा गुण आहे, काही तासांत ओसरतो. गरम पाण्याची पिशवी पोटावर, पोटात पेज किंवा मऊ भात आणि भरपूर पाणी. या दिवसांत मोठे पॅडच वापरायचे, टॅम्पॉन किंवा कप नको, कारण रक्त किती जातंय हे पॅडवरूनच कळतं. मुख्य त्रास बहुधा त्याच दिवशी उरकतो. त्यानंतर साधारण दोन आठवडे कमी-जास्त अंगावरून जात राहतं.

घरच्यांनी फोनवर 'कसं वाटतंय' याच्या जोडीला 'तासाला किती पॅड' हेही विचारावं. सलग दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजत असतील, चक्कर येत असेल, तर थांबायचं नाही. ११२ किंवा ९९९ ला फोन, नाहीतर थेट इमर्जन्सी. ३८ अंशांवरचा ताप दिवसभर उतरला नाही किंवा स्रावाला घाण वास येऊ लागला, तर संसर्गाची शंका घ्यायची. खांद्याच्या टोकाशी दुखणं किंवा पोटात एकाच बाजूला जोराची कळ आली, तर गर्भ नलिकेत असू शकतो. तिथे या गोळ्या काम करत नाहीत आणि नलिका फुटली तर जिवावर बेतू शकतं. उलट, चार गोळ्यांनंतर २४ तासांत रक्तच गेलं नाही, तरीही कळवायचं. वर दिलेल्या हेल्पलाइनवर रात्रीबेरात्रीही नर्स बोलायला असते.

९ ते १२ आठवड्यांच्या मधल्यांना रुग्णालयात जावं लागतं. पहिली गोळी घेऊन घरी, मग दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी भरती होऊन मिसोप्रोस्टॉल, लागेल तशी पुन्हा. बहुतेक जणी संध्याकाळी घरी येतात. काही रुग्णालयांत पिशवी नळीने रिकामी करण्याचा पर्यायही असतो, त्याला फार वेळ लागत नाही. सुट्टीसाठी ऑफिसात कारण सांगायची गरज नाही. तेरा आठवडे नोकरी झालेली असेल, तर वर्षाला पाच दिवसांची वैधानिक पगारी आजारपणाची रजा मिळते. त्यासाठी डॉक्टरचं सर्टिफिकेट पहिल्याच दिवसापासून लागतं, त्यावर मोघम लिहून द्यायची विनंती करता येते.

आता भारतातून गोळ्या पाठवण्याबद्दल. आपल्याकडच्या किटमध्येही हीच औषधं, याच मात्रेत असतात, म्हणून ते निरुपद्रवी वाटतं. पण आयर्लंडच्या २०१८ च्या कायद्यानुसार, कायद्याच्या चौकटीबाहेर गर्भपातासाठी औषध मिळवून देणाऱ्याला १४ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. स्वतः गर्भवती बाईवर गुन्हा होत नाही. सामानात किट घालून आणणारी आई, बहीण किंवा नवरा मात्र यात सापडतो. शिवाय प्रिस्क्रिप्शनची औषधं पोस्टाने मागवायला तिथे बंदी आहे, पार्सल कस्टममध्ये अडकतं आणि तेवढ्यात आठवडा उलटतो.

गोळ्या घेतल्या आणि रक्त गेलं म्हणजे काम झालंच, असं धरू नका. डॉक्टर एक खास कमी संवेदनशील टेस्ट देतात, ती दोन आठवड्यांनी करायची. दुकानातली नेहमीची टेस्ट त्यानंतरही काही आठवडे खोटीच पॉझिटिव्ह दाखवत राहते. काही जणींना गर्भ टिकल्यामुळे किंवा काही भाग आत राहिल्यामुळे पुन्हा उपचार लागतो. इथेच आयर्लंडमध्ये मोठा पेच आहे: गर्भ टिकलेला असेल आणि हे कळेपर्यंत १२ आठवडे उलटले, तर कारण न विचारता गर्भपात करू देणाऱ्या कलमाखाली डॉक्टरांचे हात बांधलेले असतात. आठव्या आठवड्यात गोळ्या घेतल्या तर टेस्ट दहाव्यात येते, म्हणून ती एक दिवसही पुढे ढकलू नका.

१२ आठवड्यांनंतर जिवाला किंवा तब्येतीला गंभीर धोका, किंवा गर्भ जगणारच नाही असा दोष, एवढीच कारणं उरतात. आयरिश बायका अशा वेळी विमानाने इंग्लंडला जातात, तिथे मर्यादा २४ आठवड्यांची आहे. भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्यांना मात्र त्यासाठी ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो. आयर्लंडचं निवासपत्र तिथे चालत नाही, ब्रिटनमध्ये मोडणाऱ्या उत्तर आयर्लंडची सीमा बसने ओलांडायलाही नाही. नेदरलँड्सला जायचं तर शेंगेन व्हिसा. एवढ्या उशिरा खरोखर मार्ग उरतो तो भारतात परतण्याचा. आपल्या कायद्यात २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. तिकीट काढण्याआधी मुंबई-पुण्याच्या स्त्रीरोगतज्ज्ञाशी फोनवर बोलून आठवडे पक्के करून घ्या.

आणि पुढची पाळी यायच्या आधीच, गोळ्यांनंतर आठ-दहा दिवसांतही, पुन्हा दिवस राहू शकतात. १७ ते ३५ वयाच्या बायकांना आयर्लंडमध्ये गर्भनिरोधकं मोफत आहेत. दुसऱ्या भेटीतच त्याविषयी विचारा. गर्भनिरोधक गोळ्या त्याच दिवशी सुरू करता येतात, तांबी नंतर बसवतात.