पाच दाबलं की कॉइन पडतं

परवा भाच्याने माझ्या लॅपटॉपवर ‘मुस्तफा’ टाकून दिला. गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’, कॅपकॉमचा, १९९३चा. पण मशीनवर ते नाव असूनही आमच्या साताऱ्यात ते कुणी घेतल्याचं आठवत नाही. चार खेळाडूंपैकी टोपीवाला मुस्तफा सगळ्यांत चपळ, म्हणून अख्खा गेमच त्याच्या नावावर.

“मामा, पाच दाब, कॉइन पडतं. मग एक दाबलं की सुरू.”

दाबलं, पडलं. अजून दाबलं, अजून पडलं. मी उगाचच वीसेक कॉइन टाकून घेतली.

एसटी स्टँडमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओ गेम पार्लर होतं, तिथे हेच कॉइन रुपयाला मिळायचं. मेलात की पडद्यावर नऊ, आठ, सात असे उलटे आकडे सुरू. तेवढ्यात दुसरं कॉइन टाकलं नाही तर खेळ खलास. एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने कंपासपेटी उघडायची, कर्कटकाखाली अडकलेला रुपया नखाने उचकटायचा, मागून पोरं ओरडताहेत, “टाक की लेका, चार आलं!” बहुतेक वेळा दुसरा रुपया नसायचाच. मग गुमान उठायचं आणि पुढच्या गड्याच्या मागे उभं राहून बघायचं. कॉलेजचा एक पोरगा एका रुपयात अर्धा तास काढायचा. आम्हाला तो देव वाटे. पार्लरवाल्या काकांना मात्र तो डोळ्यांसमोर नको असायचा, कारण त्यांचा धंदा आमच्या मरण्यावर चालायचा.

माझी मुलगी तासन् तास यूट्यूबवर दुसऱ्यांचे गेम बघते. ‘स्वतः खेळ की, बघतेस काय?’ असं मी पूर्वी म्हणायचो. हल्ली म्हणत नाही. आम्ही त्या शेडमध्ये जितकं खेळलो त्याच्या दसपट नुसतं बघितलं.

पुढे नोकरी लागली, रुपयाची चणचण संपली आणि भलतंच दुखणं लागलं. २०१५ साली स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, भारतात रुपयांत भाव दिसू लागले. तोवर डॉलरचा मनातल्या मनात गुणाकार करावा लागे आणि तेवढ्या वेळात शहाणपण सुचत असे. आता तेवढीही उसंत नाही. सेल लागला की मी ‘अडीच हजारांचा गेम सहाशेला’ असल्या हिशेबात एकोणीसशे रुपये कमावून बसतो. लायब्ररीत २१४ गेम साठलेत, नव्वदेक तर एकदाही उघडलेले नाहीत. ‘विचर ३’ मी तीनदा सुरू केलाय. दर वेळी मध्ये दोन महिने जातात, तलवार कुठल्या बटणावर आहे ते विसरतो आणि परत पहिल्या गावात येऊन उभा राहतो. आता तिथल्या कोंबड्याही ओळख दाखवत असतील. अक्षरं इतकी बारीक की चष्म्याचा नंबर आधी बदलावा की टीव्ही, हा प्रश्न आहे. काठिण्यपातळी विचारली की बेधडक ‘सोपी’ निवडतो. त्याची लाज चाळिशीतच गेली.

आणि एवढं सगळं घेऊन खेळतो काय, तर ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’. तोही २०१२चा. खंबाटकी घाटात गाडी चालवायला लागली की जो माणूस चिडचिड करतो, तोच रात्री अकरानंतर रॉटरडॅमहून प्रागला माल पोचवतो. सिग्नलला थांबतो, इंडिकेटर देतो. “पगार किती देतात रे?” बायको झोपेतून विचारते.

तर मुस्तफा. पाच दाबत दाबत मी तो तासाभरात संपवला. शेवटचा राक्षस मेला, नावं सरकली, आणि मी चहा ठेवायला उठलो. शेवटापर्यंत पोचायची स्वप्नं ज्याने पाहिली होती त्याला हाक मारून सांगावं, इतकंही काही वाटलं नाही.

रात्री पुन्हा बसलो. ठरवलं, एकच कॉइन. हात ओले झाले. पिंप फोडलं, त्यात खायला निघालं तर तीस वर्षांनी तसाच आनंद झाला. दोन सुरेवाल्या कसायाने मात्र मारलंच. नऊ. आठ. सात.

“बाबा, पाच दाब ना!” मागून मुलगी.

“रुपया संपला.”

तिने माझ्याकडे बघितलं, मग आकड्यांकडे. “सरक,” म्हणाली. पाच दाबलं आणि खुर्चीत बसली. मी तिच्या मागे उभा राहिलो.