तयार घाट का तोडला?

माझं रेल्वे मॉडेल आधी पाहिलेली माणसं हल्ली घरी आली की एकच विचारतात: बोरघाटातला मंकी हिल ते खंडाळ्याचा डोंगर इतका छान जमला होता, गाड्याही चालत होत्या, मग तो कापून पुन्हा का बांधलात? तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

डोंगराच्या पोटात हात पोचत नव्हता. कारण एवढंच, पण त्यात बरंच काही येतं.

मॉडेल एचओ, म्हणजे 1:87 प्रमाणाचं. बोरघाटाचा रेल्वेमार्ग सुमारे 25 किलोमीटरचा आणि चढ साधारण 560 मीटरचा. या प्रमाणात तो पूर्ण करायचा तर 290 मीटर लांब आणि 6 मीटरहून उंच जागा लागेल. म्हणून घाट करणारा प्रत्येक जण त्यातला एक तुकडा उचलतो. मी उचलला तो शेजारी शेजारी चढणाऱ्या तीन मार्गांचा, बोगद्यांचा आणि मागून रेटणाऱ्या बँकर इंजिनांचा. हा भाग भिंतीला टेकून 240 सेंटिमीटर लांब आणि 110 सेंटिमीटर खोल होता. रूळ जमिनीपासून 120 सेंटिमीटरवर, कारण गाडी डोळ्यांच्या जवळपास असली तरच 37 फुटांना 1 फूट हा चढ जाणवतो, वरून पाहिला की सपाट होतो. पण टेबलाच्या उंचीवर वाकून जो हात 75 सेंटिमीटर आत जातो, तो छातीच्या उंचीवर 60 वर थांबतो. भिंतीकडचा मार्ग होता 90 वर, आणि तोही बोगद्यात.

गाडी घसरते ती बहुतेक वेळा सांध्यावर, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथे, वळणावर किंवा रुळांच्या जोडावर. उघड्यावर ते लगेच दिसतं. बोगद्यात दिसत नाही, आणि घाटाच्या गाडीला तर मागून बँकर रेटत असतात. एक डबा आडवा झाला तरी ते ढकलतच राहतात, मागचे डबे पुढच्यांवर चढतात. मग लेआउटखाली, म्हणजे मांडलेल्या मॉडेलखाली शिरायचं, डोंगराचं झाकण डोक्याने उचलत वर यायचं आणि अंदाजाने डबे बाहेर काढायचे. तरुणपणी मी हे आनंदाने केलं. आता गुडघे ते करू देत नाहीत, आणि माझ्याकडे गाड्या चालवायला येणाऱ्या सोसायटीतल्या मुलांना मी तिथे शिरू देत नाही.

त्याहून मोठं नुकसान हळू होतं. रुळांवर काळपट थर बसतो आणि इंजिनाला वीज नीट मिळत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते पुसत राहावे लागतात. पुढचे दोन मार्ग सहज पुसले जायचे, मागचा राहून जायचा. इंजिन तिथे अडखळायचं, म्हणून त्या मार्गावर गाडी सोडायची टाळाटाळ व्हायची. ज्या रुळावर हात पोचत नाही तो रूळ आपण वापरेनासे होतो. तीन मार्गांचा घाट मी बांधला होता, चालवत होते दोनच.

खरी रेल्वे हे कधी विसरत नाही, म्हणून मला ती आवडते. बोगद्याच्या भिंतीत ठरावीक अंतरावर कोनाडे असतात, गाडी आली तर आत काम करणाऱ्या माणसाला उभं राहता यावं म्हणून. पावसाळ्याआधी हिल गँगची माणसं कड्यांवर चढून सुटे झालेले दगड मुद्दाम खाली पाडतात. आणि घाटसुद्धा एकदाच बांधून झालेला नाही. 1863 मध्ये तो सुरू झाला तेव्हा खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी टोकाला थांबायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लागायचं आणि गाडी उलट दिशेने पुढे चढायची. 1929 मध्ये नवा मार्ग काढून तो भाग सोडून दिला. चालू असलेला घाट तोडला म्हणून हळहळणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते.

आता बांधलं कसं ते. हा अख्खा भाग लेआउटपासून कापून वेगळा केला, खाली चाकं लावली, आणि तो भिंतीपासून सरळ पुढे ओढता येतो. मागे उभं राहण्यापुरती जागा होते. भाग रुळांना आडवा सरकतो, त्यामुळे टोकांना रूळ जोडणारे जॉइनर चालत नाहीत. प्रत्येक टोकाशी रुळांखाली तांब्याचा मुलामा असलेल्या पीसीबीची, म्हणजे सर्किट बोर्डाची पट्टी घातली, त्यावर रूळ सोल्डर केले आणि मग बारीक ब्लेडने कापले. चौकट लाकडाची न करता खिडक्यांच्या अ‍ॅल्युमिनियम सेक्शनची करून घेतली. पुण्याच्या पावसाळ्यात प्लायवूड फुगतं, आणि इथे रूळ अर्धा मिलिमीटर सरकला तरी चाक उतरतं.

जुळणीसाठी दोन्ही टोकांना पितळी टॉवर बोल्टची जोडी आहे. रूळ समोरासमोर आल्याशिवाय बोल्ट आत जात नाहीत, आणि मार्गाची वीज त्यांतूनच जाते. बोल्ट बाहेर असेल तर हा भाग बंद, आणि दोन्हीकडच्या पक्क्या मार्गांचा शेवटचा तुकडाही बंद. हा तुकडा इंजिनापुरता ठेवून भागत नाही. पुढचं इंजिन थांबलं तरी मागचे बँकर चालू मार्गावर असतील तर भाग ओढल्याने पडलेल्या मोकळ्या जागेत गाडी ढकलतील. म्हणून बंद तुकडा बँकरसकट सर्वांत लांब गाडीएवढा ठेवला. घाटाचं मॉडेल करणाऱ्याने एवढी गोष्ट तरी जरूर लक्षात ठेवावी.

डोंगर मी तीन थरांत केला. थर्माकोल, त्यावर फेविकॉलमध्ये भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या, वर पातळ प्लास्टर, म्हणजे प्रत्येक थर दोन हातांनी उचलता येतो. जोड दिसतील अशी धास्ती होती, पण सह्याद्रीनेच ती सोडवली. इथला काळा पाषाण मुळात आडव्या थरांचा, पायऱ्यापायऱ्यांचा. जोड त्या पायऱ्यांच्या कडेने नेले आणि वर कारवीची झुडपं लावली. आता कुठला थर उचलला जातो हे माहीत नसलेल्याला सापडत नाही.

गेलं तेही सांगते. मार्ग पुढे घ्यावे लागल्याने डोंगराची खोली 30 सेंटिमीटरने कमी झाली आणि एक बोगदा गेला. दरीच्या कडेचं ते लांब वळण आता पूर्वीसारखं डौलदार नाही. त्याचं मला वाईट वाटतं. पण तिसऱ्या मार्गावर आता रोज मालगाडी चढते, दोन बँकर मागे लावून, आणि ती चालवते तळमजल्यावरची नववीतली मुलगी.

तुमचा लेआउट तोडावा का, हा पुढचा प्रश्न असतो. आधी एक करून पाहा. नेहमीच्या जागी उभे राहा, एक डबा घ्या आणि सर्वांत लांबच्या रुळावर त्याची आठही चाकं एका हाताने बसवा, कोपर कुठेही न टेकता. बसली तर काही तोडू नका. नाही बसली तर करवत काढण्याआधी गाडी तिथे कशी थांबेल याची वायरिंग कागदावर काढा, सुतारकाम त्यानंतर. मी घाटाच्या पायथ्याच्या, पळसदरीकडच्या टोकासाठी सध्या तेच करते आहे.