पानाच्या मागचं सिमेंट

मे महिन्याचे शेवटचे दिवस. मुंबईच्या फोर्टातल्या एका जुन्या बँकेच्या इमारतीवर आम्ही परांची बांधली होती. पावसाआधी दर्शनी भाग तपासून द्यायचा होता. सकाळी आठला मी आणि आमचे पाथरवट काका चौथ्या माळ्याच्या उंचीवर, खांबांच्या शीर्षाशी पोचलो.

काका लाकडी हातोडीने एकेक दगड वाजवत चालले होते. चांगला दगड खणखणीत वाजतो. एका कोरीव पानापाशी भद्द आवाज आला. त्यांनी पुन्हा वाजवलं. "मॅडम, हा आतून सुटलाय." त्यांनी पानाला नुसता हात लावला आणि तळहाताएवढा तुकडा त्यांच्या हातात आला. खाली फुटपाथवर माणसांची रीघ लागली होती.

तुकड्याच्या मागे करड्या सिमेंटचा थर होता. कोणीतरी फार पूर्वी भेग बुजवली होती, आणि चांगल्या हेतूनेच बुजवली असणार. पण हा पोरबंदरचा दगड, म्हणजे मऊ चुनखडीचा. त्यात मुरलेलं पाणी दगडातून आणि चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडत राहतं. सिमेंटने ती वाट अडवली की ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि दगडाला लोणा लागतो. सिमेंट शाबूत होतं, त्यामागचा दगड मात्र बोटाने रव्यासारखा झडत होता.

अजून थोडं उकरल्यावर दोन दगड सांधणारी लोखंडी पकड दिसली. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं. फुगताना तेच दगड फोडतं. शेजारच्या पकडीभोवतीचं ओतीव शिसं टिकून होतं, म्हणून ती जवळपास जशीच्या तशी होती. जुन्या कारागिरांनी शिसं का ओतलं, हे त्या दोन पकडी शेजारीशेजारी बघून जेवढं कळलं तेवढं मला कॉलेजात कळलं नव्हतं.

बँकेचे अधिकारी वर आले. पाऊस तोंडावर, शाखा सुरू, त्यांची घाई मला समजत होती. "सिमेंट मारून बंद करा ना," ते म्हणाले. मी तो रवा त्यांच्या तळहातावर ठेवला. ते बराच वेळ बोलले नाहीत.

मग आम्ही तिथेच फळीवर बसलो. या भागात बँकांनी एवढे जाड दगड, एवढे उंच खांब का उभारले, हा विषय निघाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे, १८६१ ते १८६५, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात शेअर्सचं वेड लागलं. युद्ध संपलं, भाव कोसळले आणि १८४० साली सुरू झालेली बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये बुडाली. असा धक्का खाल्लेल्या शहरात ठेवीदाराला आधी भिंतीवरच भरवसा बसायला हवा. खालचा काळा बेसाल्ट, वरचा फिकट दगड, दुप्पट उंचीचा हॉल, सगळं त्याच्यासाठी बोलतं, असं मला तरी वाटतं. हे खांब शोभेचे म्हणून सोडून देणं मला कधीच पटलेलं नाही.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "चुन्याला किती दिवस?"

"चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. घाई करून चालत नाही. धोक्याचे दगड आज उतरवते, फुटपाथवर जाळी बांधते. बाकीचं पावसानंतर करू."

त्यांनी मान डोलावली. आम्ही अकरा तुकडे उतरवले, प्रत्येकावर खडूने क्रमांक घातला आणि गोणपाटावर ओळीने मांडले. संध्याकाळी उघड्या सांध्यात काकांनी चाळलेल्या वाळूचा, मुरवलेल्या चुन्याचा पहिला थर थापीने दाबला. त्यावर ओलं गोणपाट टाकलं.

रात्री साडेनऊला ते पुन्हा भिजवायला आम्ही परत चढलो. खाली हॉलमधला एकच दिवा चालू होता.