लाइट गेली की रेकॉर्डिंग सुरू

शेवटी आमच्या बँडचा पूर्ण अल्बम होतोय. नऊ गाणी, चाळीसेक मिनिटं. "आता अल्बम कोण ऐकतंय बे, महिन्याला एक गाणं सोडा की" हे इतक्या जणांनी सांगून झालंय की आम्ही आता नुसती मान डोलावतो. सुटं गाणं असलं की त्यात सगळंच पाहिजे असतं, सोलो पण, मोठा कोरस पण. पण नऊ गाण्यांत नऊ सोलो म्हटल्यावर कान विटतो ना राव.

ड्रम तेवढे पुण्यात केले. किक, स्नेअर, टॉम सगळ्यांना वेगवेगळे माइक लागतात आणि खोलीही चांगली वाजणारी लागते, तशी इथं सोलापुरात आम्हाला मिळेना. मग पुण्याला जाणारी सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडायची, स्नेअर मांडीवर, सिंबल वर रॅकवर, आणि शेजारचे काका विचारतायत, "वाजवायला का? कुणाचं लग्न?"

बाकी सगळं घरीच, अशोक चौकाच्या बाजूला. गाण्यासाठी कोपऱ्यात दोऱ्या बांधून चादरी टांगल्या (सोलापुरात अजून काय टांगणार). पाहुणे आले की आई त्यातल्या दोन काढून न्यायची, तो भाग वेगळा. चादरीनं खोलीतला घुमारा छान मरतो पण खालच्या पट्टीतला जाड आवाज काय अडत नाही, शंभर हर्ट्झची लाट साडेतीन मीटरच्या आसपास लांब असते, तिला चादर म्हणजे काहीच नाही. आणि आमच्या मागच्या गल्लीत पॉवरलूम. घरघर फिल्टर लावून काढता येते, पण धोट्याची खटखट सरळ गळ्याच्या पट्टीत येऊन बसते, ती काढायला गेलं की आवाजच पत्र्यासारखा होतो.

यावर उपाय महावितरणनंच दिला. लाइट गेली की माग बंद, पंखा बंद, शेजारचा टीव्ही बंद. लॅपटॉप बॅटरीवर, ऑडिओ इंटरफेस यूएसबीवरच चालतो, मग काय, "गेली बे गेली, चल" म्हणत गायकाला चादरीत ढकलायचं. मे महिना, बाहेर बेचाळीसच्या वर, आत तो घामानं निथळतोय आणि आम्ही बाहेरून "अजून एक घे, शेवटचा" म्हणतोय. अल्बममधला सगळ्यात चांगला गळा असाच लागलाय.

मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवताना, भांडणं झाली ती गिटारवरून. डिस्टॉर्शनच्या, म्हणजे फाटक्या आवाजाच्या, गिटारी चार-चार थर लावल्या की भारी वाटतं खरं, पण दोन ते चार किलोहर्ट्झमध्ये, जिथं शब्द स्पष्ट होतात तिथंच, त्या शब्दांवर चढतात. माझं म्हणणं एकच, मेलोडिक रॉक म्हणतोय ना, मग चाल आधी. शेजारच्या तेलुगू अम्मा चौथ्या गाण्याचा कोरस शब्दांशिवाय गुणगुणत कपडे वाळत घालत होत्या, म्हणजे लक्षात राहते ती चालच, म्हणून त्या कोरसमधले गिटारचे दोन थर उडवले. गिटारिस्ट दोन दिवस बोलला नाही.

मास्टरिंगला, म्हणजे शेवटचा हात फिरवताना, लई लाऊड करायचं नाही हे मात्र पटकन ठरलं, स्पॉटिफाय तसंही सगळं साधारण उणे चौदा लफ्सवर (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं माप) आणून ठेवतं.

आता अडलंय गाण्यांच्या क्रमावर. तीस सेकंद ऐकलं तरच स्ट्रीम मोजतात म्हणून गायकाला फास्ट गाणं पहिलं पाहिजे. मला ते संथ, नुसत्या बेसवर सुरू होणारं पाहिजे. हो, बेस मीच वाजवतो, माहितीये.