हवेतलं पेट्रोल: तुम्ही विचारलंत म्हणून

सोसायटीच्या गणपतीत, मावशीच्या पंचाहत्तरीला, परवा तर घाटकोपर स्टेशनच्या जिन्यावर: "काय गं, हवेतून पेट्रोल काढणार होतीस ना? झालं का?"

नाही झालं. आणि पेट्रोल नव्हेच ते. उन्हाच्या जोरावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं फॉर्मेट, त्याचं फॉर्माल्डिहाइड, त्याचं मिथेनॉल, म्हणजे जळणारं द्रव इंधन. ३ पायऱ्या, ३ एन्झाइम, दर पायरीला एनएडीएचचा, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून आणणाऱ्या हमालाचा, एक रेणू खर्ची. उन्हाचं काम इतकंच की रिकामा झालेला एनएडीएच पुन्हा भरून द्यायचा. त्यात पहिल्या पायरीच्या एन्झाइमचा स्वभाव उलटा, त्याला फॉर्मेट बनवण्यापेक्षा मोडायलाच जास्त आवडतं. "झाडं करतातच की!" करतात ना. पण पिकं घेतलीत तर पडलेल्या उन्हातलं जेमतेम टक्काभर साठवतात, तेही साखरेच्या रूपात. साखरेवर तुमची स्कूटर चालेल का?

ती जुलैची रात्र सांगते. बाहेर धो धो पाऊस, आत झेनॉनचा दिवा. आमचं 'ऊन' तेच. एचपीएलसीच्या, म्हणजे द्रावणातले पदार्थ वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या, आलेखावर फॉर्मेटचं शिखर उठलं, हवं तिथेच. अंधारात ठेवलेल्या बाटलीत काहीच नव्हतं, म्हणजे प्रकाशानेच झालं! बाराला बाबांना उठवलं. सकाळी लॅबभर वडापाव वाटले. सरांनी खाल्ला, हात पुसले आणि विचारलं, "आरगॉनची बाटली लावलीस?"

नव्हती लावली. मग लावली. तोच दिवा, तेच एन्झाइम, फक्त कार्बन डायऑक्साइडऐवजी आरगॉन, कशातच भाग न घेणारा वायू. शिखर तिथेच, थोडंसंच बुटकं. इलेक्ट्रॉन मिळावेत म्हणून घातलेलं ट्रायइथेनॉलअमीन उजेडात फुटत होतं, फॉर्मेट बहुतेक त्याचंच. हवेचं काही नाही, मी बाटलीतलंच रसायन मोडून खात होते. पुढे वायूत कार्बन-१३, म्हणजे जरा जड आणि म्हणून ओळखू येणारा कार्बन, वापरून पाहिलं, तेव्हा खरोखर वायूतून आलेलं निघालं ते चिमूटभर. निघालं मात्र, हेही लिहून ठेवा.

संशोधनाच्या दुसऱ्या वर्षाला मीच गच्चीवर माहुलच्या तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या चिमण्यांकडे बोट करून म्हटलं होतं, "१० वर्षांत बंद." थाप नव्हती मारत. अंधाराची बाटली सुचली, मग आरगॉनची का नाही सुचली? की सुचली होती आणि मी टाळली? आजही छातीठोक सांगता येत नाही.

त्या रात्रीच्या आलेखाची प्रिंट बाबांनी माझ्या मार्कशीटांच्या फाइलीत जपून ठेवलीय. परवा जिन्यावर तुम्ही विचारलंत तेव्हा ते मागेच उभे होते, म्हणून "चाललंय" म्हटलं.