तुम्ही विचारलंत म्हणून: यादीतले शब्द एका दमात बदलताना

‘दोनशे शब्दांची यादी आहे, प्रत्येक जुन्या शब्दासमोर नवा शब्द. फाइलमधले सगळे टर्मिनलवरून एकदम कसे बदलायचे?’ हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. विचारणाऱ्याला एका ओळीची कमांड हवी असते. ती सांगण्याआधी मी उलट विचारते: यादीतला एखादा नवा शब्द जुन्या शब्दांतही आहे का?

नसेल तर ‘सेड’ हे मजकूर बदलणारं छोटं साधन पुरे. ली मॅकमेहन यांनी ते १९७०च्या दशकात बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेत लिहिलं आणि आजही ते जवळपास प्रत्येक युनिक्स, लिनक्सवर असतं. यादीतली प्रत्येक जोडी बदलाच्या एकेका आदेशात घालायची, ते आदेश वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचे आणि ती फाइल सेडला द्यायची. एवढंच काम.

पण समजा यादीत ‘डावा’च्या जागी ‘उजवा’ आहे आणि ‘उजवा’च्या जागी ‘डावा’. सेड प्रत्येक ओळीवर आदेश एकामागून एक चालवतं. पहिल्या आदेशाने सगळे डावे उजवे होतात, दुसऱ्याने झाडून सगळे डावे. चूक कुठे दाखवली जात नाही आणि मजकूर वाचायलाही ठीक वाटतो, म्हणून मला ही चूक सगळ्यांत घातक वाटते. अशा वेळी मी पर्ल ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरते. आधी यादी हॅशमध्ये, म्हणजे जुन्या शब्दावरून नवा शब्द काढून देणाऱ्या कोष्टकात, वाचायची, मग सगळे जुने शब्द उभ्या रेघेने जोडून शोधायचा एकच नमुना, म्हणजे पॅटर्न, करायचा आणि जो शब्द सापडेल त्याचा बदल हॅशमधून घ्यायचा. मजकुरावरून नजर एकदाच फिरते, बदललेल्या शब्दाला पुन्हा हात लागत नाही. पॅटर्नमध्ये लांब शब्द आधी लावा, नाहीतर ‘मुख्य’ जुळला की ‘मुख्य कार्यालय’ची पाळीच येत नाही. यादी हजारावर गेली तरी काळजी नको: ५.१० आवृत्तीपासून पर्ल असे पर्याय ट्रायमध्ये, म्हणजे सारख्या सुरुवातीचे शब्द एकाच फांदीवर ठेवणाऱ्या झाडासारख्या रचनेत, रचतं, एकेक शब्द वेगळा शोधत बसत नाही.

मराठी मजकुराला आणखी एक जपणूक लागते. ‘कर’च्या जागी ‘टॅक्स’ नुसतं घातलं तर ‘शेतकरी’चं ‘शेतटॅक्सी’ होतं. त्यावर शब्दसीमेची खूण घालतात, म्हणजे फक्त पूर्ण शब्द जुळतो; पण पायथॉन भाषेचं ‘आरई’ हे शोधाचं मॉड्यूल काना-मात्रांना अक्षर मानत नाही. त्याच्या लेखी ‘करून’मधला ‘कर’ हा पूर्ण शब्द असतो. पर्ल मात्रा शब्दातच धरतं, फक्त फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात आहे हे त्याला सांगावं लागतं.

आणि निकाल ‘पेक्षा मोठे’च्या (>) खुणेने त्याच फाइलकडे वळवू नका. शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, आधी ती फाइल रिकामी करतो, कमांड नंतर चालते. भाषांतराचं एक अख्खं प्रकरण मी असं गमावलं आहे. तेव्हापासून निकाल नव्या नावाने लिहिते, दोन्ही फाइली ‘डिफ’ या फरक दाखवणाऱ्या कमांडने ताडून पाहते आणि मगच जुनी बाजूला ठेवते.